एकच हुद्दा, एकच काम, मग एकटीच का कोलमडते?

खाडीपट्ट्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यिका म्हणून काम करणाऱ्या ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या देखरेखीखाली शेजारशेजारच्या दोन उपकेंद्रांवर दोन आरोग्य सेविका आहेत. दोघींचा हुद्दा एक, कामाची यादी एक आणि नोकरीतील वर्षेही जवळपास सारखी. त्यांतील जी आजवर सर्वांत हुशार आणि कामसू मानली जात होती, ती गेल्या वर्षभरात पार बदलली आहे. लसीकरणाच्या सत्रात ती बाळंतिणींवर खेकसते, अहवाल रखडवते, मासिक बैठकीत गप्प बसून राहते आणि अधूनमधून राजीनाम्याची भाषा करते. दुसरी मात्र पूर्वीसारखीच हसतखेळत काम करते आहे. केंद्रातील मंडळी म्हणतात की पहिलीचा स्वभावच हळवा, तिला झेपले नाही. हे खरे आहे का, आणि बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार खचून जाणे, कोणाला होईल हे आधी ओळखता येते का, असे ताईंनी विचारले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला शिक्षकांबद्दल, बँकेतील कर्मचाऱ्यांबद्दल, बागायतदारांबद्दल आणि घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्या कुटुंबांबद्दलही विचारला जातो. माझे उत्तर असे की स्वभावाचा वाटा असतो, परंतु त्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. त्याआधी, त्या दोघींचे काम खरोखर एकच आहे का, हे तपासावे. माझ्या अनुभवात ते बहुधा एकच नसते.

प्रथम या अवस्थेबद्दल थोडे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 साली तिचे वर्णन केले, ते न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून. म्हणजे ज्या लोकांवरून ही अवस्था प्रथम ओळखली गेली, ते आळशी किंवा नाजूक नव्हते. ते स्वतःहून काम अंगावर घेणारे लोक होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981 मध्ये तिचे मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले, बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था, असे त्याचे वर्णन तेथे आहे आणि तिची तीन अंगे दिली आहेत: शक्ती पूर्णपणे आटून जाणे, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. आपल्या सेविकेचे खेकसणे या दुसऱ्या अंगात बसू शकते. समोरच्या माणसाला द्यायला आपल्याजवळ काही उरलेले नाही, हे मनाला उमगले की ते माणसालाच दूर ढकलू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तो उद्धटपणा दिसतो आणि नोटीस निघते.

तरीही हे बर्नआउटच आहे असे मी येथे बसून ठरवणार नाही, आणि आपणही ठरवू नये. किनाऱ्यावरील गावांतून थकवा घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये रक्तक्षय आणि थायरॉइडची कमतरता मला वारंवार दिसते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-12 या तपासण्या आधी करून घ्याव्यात. आरोग्य सेविका गावभर लोहाच्या गोळ्या वाटते आणि स्वतःचे हिमोग्लोबिन मात्र कित्येक वर्षे पाहत नाही, हे आपणास सांगायला नको. दुसरा भेद नैराश्याचा. सुरुवातीच्या बर्नआउटमध्ये माणूस रजेच्या दिवशी, माहेरी किंवा मुलांमध्ये थोडा तरी फुलतो. नैराश्यात सण, मुले, आवडीचे जेवण या सर्वांचीच चव जाते, पहाटे अकारण जाग येते आणि अपराधीपणा मनात घर करतो. या दोहोंच्या सीमा पुष्कळदा एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्या किती वेगळ्या मानाव्यात यावर संशोधकांतही मतभेद आहेत. मात्र जगण्याचा कंटाळा किंवा मरणाचे विचार तिच्या बोलण्यात आले, तर बर्नआउटची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

आता दोघींच्या कामाकडे वळू. उपकेंद्राचा शासकीय निकष लोकसंख्येवर ठरतो: सपाट प्रदेशात 5,000 आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात 3,000. कागदावर दोन्ही उपकेंद्रे या निकषात बसत असतील. परंतु एकीची गावे डांबरी रस्त्याच्या कडेला आणि दुसरीच्या वाड्या सड्यावर, खाडीपलीकडे आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरून गाठायच्या असतील, तर त्याच 3,000 लोकांसाठी दुसरीचा दिवस किती तरी मोठा होतो. पावसाळ्यात साकव पाण्याखाली गेला की लसींचा डबा खांद्याला लावून वळसा घ्यावा लागतो, आणि तो वळसा कोणत्याही अहवालात लिहिला जात नाही. मुंबईला गेलेल्या पिढीमुळे काही वाड्यांत केवळ म्हातारी माणसे उरली आहेत. तेथे रक्तदाब मोजायला गेलेल्या सेविकेला औषधाचे वेळापत्रक समजावण्याबरोबर मुलाला फोन लावून देणे, पेन्शनचा कागद वाचून दाखवणे आणि अर्धा तास ऐकत बसणे हेही करावे लागते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस या तापाची धास्ती असते, गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमान्यांमुळे गावाची वस्ती फुगते, आणि रजिस्टरमधील लोकसंख्या मात्र होती तेवढीच राहते. त्याच गणपतीत तिच्या स्वतःच्या घरीही गणपती असतो.

आणखी काही गोष्टी पाहाव्यात. दोघी नियमित सेवेत आहेत की एक राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी आहे? एकीच्या उपकेंद्रावर पुरुष आरोग्य सेवकाचे पद भरलेले आणि दुसरीकडे रिक्त, असे आहे का? एकीला जुनी, गाव ओळखणारी आशाताई मिळाली आणि दुसरीकडे दर वर्षी नवी, असे तर नाही? मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामाची सहा क्षेत्रे सांगितली आहेत, ज्यांत माणूस आणि काम यांची जुळणी बिघडली की बर्नआउटचा धोका वाढतो: कामाचा भार, स्वतःच्या कामावरचा अधिकार, मोबदला व कदर, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. यांपैकी भाराबद्दल सगळे बोलतात, कारण तो दिसतो. उरलेल्या पाचांबद्दल बैठकीत कोणी बोलत नाही, आणि माझ्याकडे येणारी माणसे बहुधा त्याच पाचांनी खचलेली असतात.

त्यांतही अधिकाराचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडले की केवळ जास्त काम माणसाला तितके मोडत नाही, जितके जास्त मागणी आणि कमी अधिकार यांचे एकत्र येणे मोडते. भेटींचा क्रम स्वतः ठरवता येणे, सत्राची तारीख पावसाचा अंदाज पाहून हलवता येणे, एखादा अहवाल दोन दिवस उशिरा दिला तरी बोलणी न खाणे, अशा लहान मोकळिकींनी तोच भार वेगळा लागतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत मी याचे दुसरे रूप पाहतो. घाटावरून किंवा मराठवाड्यातून येथे नेमणूक झालेले, दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र शिकवणारे आणि आंतरजिल्हा बदलीची वर्षानुवर्षे वाट पाहणारे शिक्षक येतात, तेव्हा ते कामाच्या तासांबद्दल फारसे बोलत नाहीत. ते यादीबद्दल बोलतात. आपले नाव कधी वर येईल यावर त्यांचा काहीही ताबा नसतो, घरी आईवडील थकत चाललेले असतात, आणि शिकवण्यासाठी घेतलेला वेळ माहिती भरण्यात आणि मतदार याद्यांच्या कामात जातो.

मोबदल्याच्या बाबतीत योहानेस सिग्रिस्ट यांनी 1996 मध्ये मांडलेला विचार कोकणात समजावून सांगणे सोपे जाते. ओतलेले कष्ट आणि परत मिळणारे यांत दीर्घकाळ तफावत राहिली की प्रकृती ढासळते, असे तो सांगतो. आणि परत मिळणारे म्हणजे केवळ पैसा असे ते मानत नाहीत, मान आणि नोकरीची शाश्वतीही त्यात धरतात. हापूसच्या बागायतदाराला हे वेगळे शिकवावे लागत नाही. मोहोर आला की तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठी फवारण्या, रात्री राखण, वानरांचा त्रास, अवकाळी पावसाची धास्ती, आणि शेवटी वाशीच्या बाजारात पेटीचा भाव दुसराच कोणीतरी ठरवणार. जून 2020 मधील निसर्ग आणि मे 2021 मधील तौक्ते या वादळांनंतर, उभी झाडे पडलेली पाहून आलेले दुःख हे बर्नआउट नव्हे, तो शोक होता. परंतु त्यानंतरच्या हंगामांत, कष्ट आणि फळ यांचा संबंधच तुटल्यासारखे वाटून जी उदासीन यांत्रिकता काहींच्या वागण्यात आली, ती या अवस्थेच्या फार जवळची होती.

निवासव्यवस्था चालवणाऱ्या घरांचा उल्लेख येथे करायला हवा, कारण त्यांच्याकडे कोणी कष्टकरी म्हणून पाहतच नाही. गुहागर, दिवेआगर, तारकर्ली अशा ठिकाणी घराचीच पाहुण्यांची खोली झाली, आणि मोदक वळणारी, मासे तळणारी, रात्री अकराला गरम पाणी देणारी बाई आपल्याच घरात चोवीस तास कामावर असते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये भावनिक श्रम ही कल्पना मांडली: मनात असो वा नसो, चेहऱ्यावर ठरावीक भावना ठेवणे हे ज्या कामाचा भागच असते, तेथे तेही श्रमच असतात. पाहुणा दीड हजारांच्या खोलीत पंचतारांकित तक्रार करतो आणि जाताना इंटरनेटवर दोन तारे देऊन जातो. ते दोन तारे ती महिनोन्महिने विसरत नाही. आरोग्य सेविका, परिचारिका, शिक्षिका आणि बँकेच्या खिडकीवरील कारकून हे सगळे याच पंक्तीत बसतात.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो: हुशार आणि कामसू तीच का खचली? माझ्या मते याचे पहिले कारण असे की काम नेहमी ज्याला जमते त्याच्याकडे वाहत जाते. आपणच आठवून पाहावे, पोर्टलवर माहिती चढेना तेव्हा कोणाला फोन गेला, वरिष्ठ अधिकारी भेटीला येणार होते तेव्हा कोणाचे उपकेंद्र दाखवले गेले, शेजारची सेविका बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिच्या वाड्या कोणाकडे आल्या आणि रजा संपल्यावर त्यांतील किती परत गेल्या. प्रत्येक वेळी हे कौतुकाने दिले गेले असेल. पण कौतुकाने दिलेले काम नाकारणे हे सक्तीने दिलेले काम नाकारण्यापेक्षा अवघड असते. दुसरी सेविका कदाचित तितकीच कुशल असेल, परंतु तिने कधीतरी सुरुवातीलाच "मला हे जमत नाही" असे सांगून टाकले असेल आणि त्या एका वाक्यावर तिची कित्येक वर्षे निभावली असतील. यात तिचा दोष मुळीच नाही. किंबहुना तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. दोष वाटपाचा आहे.

दुसरे कारण छोट्या गावाचे आहे. शहरात परिचारिकेचा गणवेश उतरला की ती गर्दीत मिसळते. येथे ती बाजारात, देवळात, भावकीच्या लग्नात, एसटीच्या थांब्यावर सगळीकडे सिस्टरच असते, आणि रात्री दारावर थाप पडते ती ओळखीच्या हाताची असते, म्हणून नाही म्हणता येत नाही. सबिने सोनेन्टाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसते की कामाच्या वेळेनंतर मनाने कामापासून सुटणे हे विश्रांतीचे एक मुख्य अंग आहे. देह घरी आणि मन रजिस्टरमध्ये असेल तर झोप पुरी झाली तरी शीण उतरत नाही. त्यात नवरा मुंबईला, सासू अंथरुणाला खिळलेली आणि मुलाची दहावी, अशी स्थिती असेल तर तिला घरीही दुसरी पाळीच करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउट ही संज्ञा नोकरी-व्यवसायापुरतीच राखली आहे आणि ते योग्य आहे. तथापि सावरण्याची जागाच घरी नसेल तर कामावरचा तोच ताण दुप्पट खोल रुततो. आंबा बागायतदारांना मी हे त्यांच्याच भाषेत सांगतो: हापूसचे झाड एक वर्ष धरते आणि एक वर्ष थांबते, कल्टार हे मोहोर आणणारे औषध घालून त्याला दर वर्षी धरायला लावता येते, पण मग खताची मात्रा वाढवावी लागते; ती न वाढवता दर वर्षी पीक घेत राहिले तर पुढे झाड खंगते, हे त्यांनी पाहिलेले असते.

मासेमारी करणाऱ्यांना 1 जून ते 31 जुलै बंदीचा काळ असतो, म्हणून ते सुखी, असे कोणी म्हणेल. नौकामालकाचे ते दोन महिने जाळी, इंजिन आणि खलाशांना द्यायच्या आगाऊ रकमेच्या चिंतेत जातात. रजा मिळणे आणि सावरणे यांत जो फरक आहे, तो तेथे चांगला दिसतो.

आता स्वभाव. तो नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांचे मन मुळातच चटकन चिंतेकडे आणि नकारात्मक भावनांकडे झुकते, त्यांच्यात बर्नआउट अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. परिपूर्णतेचा ध्यासही यात येतो, परंतु येथे बारकाईने पाहावे. काम उत्तम व्हावे असे वाटणे धोक्याचे नाही. चूक झाली तर आपली किंमत संपली, अशी भीती धोक्याची आहे. स्वतःचे मोल केवळ कामावरून मोजणारे, मदत मागणे म्हणजे कमीपणा समजणारे आणि पूर्वी नैराश्याचा आजार होऊन गेलेले लोक यांच्याकडे अधिक लक्ष ठेवावे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील तरुणही अधिक असुरक्षित असतात, कारण अपेक्षा आणि वास्तव यांतील अंतर त्यांना तेव्हाच कळत असते. स्त्रिया अधिक कोलमडतात, हा समज मात्र तितकासा खरा नाही. एकत्रित अभ्यासांत स्त्रियांमध्ये थकवा किंचित अधिक आणि पुरुषांमध्ये माणसांपासून तुटलेपणा किंचित अधिक, एवढाच लहानसा फरक आढळतो. पुरुषाचे तुटलेपण दारूत किंवा मौनात लपते आणि म्हणून आपल्या मोजणीत येत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

हळवेपणाबद्दल मला एक स्पष्ट सांगायचे आहे. रुग्णाचे दुःख समजणारी सेविका आपल्याला हवी असते, तिची नेमणूक झाल्यावर आपण तिच्या हळवेपणावरच काम चालवतो, आणि ती थकल्यावर तोच हळवेपणा कारण म्हणून पुढे करतो. हे मला अप्रामाणिक वाटते.

एक वेगळा मुद्दाही लक्षात ठेवावा. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र पाहणाऱ्या एका मोठ्या विश्लेषणात असे दिसले की ताणामुळे बर्नआउट वाढते हे खरे असले, तरी बर्नआउटमुळे पुढे ताण वाढत जाणे हा परिणाम त्याहून मोठा आहे. थकलेल्या माणसाच्या चुका होतात, काम साचते, सहकारी दुरावतात, वरिष्ठ जाब विचारतात, आणि आधी जे काम सहज होत असे तेच डोंगराएवढे वाटू लागते. म्हणून एकदा सुरू झाल्यावर ही अवस्था स्वतःच सर्वांत मोठे असुरक्षिततेचे कारण बनते, आणि "थोडे दिवस जाऊ देत, होईल ठीक" हा सल्ला येथे घातक ठरतो.

आधी ओळखता येते का, याचे उत्तर असे की नेमके कोण कोलमडेल हे सांगता येत नाही, पण कोणत्या जागेवर कोणीही कोलमडेल हे पुष्कळ अंशी सांगता येते. एखाद्या उपकेंद्रावरील सेविका एकामागून एक बदली मागत असतील, तर तेथे स्वभाव शोधत बसू नये. व्यक्तीच्या बाबतीत मी थकव्यापेक्षा बदलाकडे पाहतो: गप्पिष्ट बाई गप्प झाली, रुग्णांची नावे घेणारी "तो एकशेवीसवाला" म्हणू लागली, रजा न घेणारी वारंवार किरकोळ आजाराने रजा घेऊ लागली किंवा जेवणाच्या सुट्टीत एकटी बसू लागली.

तिच्यासाठी आता काय करावे? तिला समुपदेशनाला पाठवून तिचे वेळापत्रक जसेच्या तसे ठेवले तर फायदा थोडाच होईल. बैठकीत सर्वांसमोर विषय काढू नये; तिच्या उपकेंद्रावर जाऊन, रजिस्टर न मागता, बसावे आणि तिच्याकडे आज असलेली सर्व कामे तिच्याच हाताने कागदावर लिहून घ्यावीत. त्यांतील जी तिच्या हुद्द्याची नाहीत ती आपल्या अधिकारात लगेच काढता येतील. दुसऱ्यांची माहिती भरण्याचे काम उद्यापासून थांबवता येते, त्यासाठी तालुक्याचा आदेश लागत नाही. रिक्त पद आणि दूरच्या वाड्यांची फेररचना यांसाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी प्रस्ताव द्यावा, आणि त्यात तिच्या प्रकृतीचा उल्लेख न करता अंतरे, वाड्यांची संख्या आणि पावसाळ्यात बंद होणारे रस्ते एवढेच लिहावे. प्रकृतीचे कारण लिहिले की प्रश्न तिचा होतो, जागेचा राहत नाही. रात्रीच्या हाकांसाठी दोन उपकेंद्रांनी मिळून पाळ्या लावाव्यात आणि त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात, म्हणजे नाही म्हणण्याचे ओझे एकट्या तिच्यावर येणार नाही. राजीनाम्याचा अर्ज तिने दिलाच, तर तो पुढे पाठवण्याआधी तिच्या तपासण्या आणि मानसोपचारतज्ज्ञाची भेट होऊ द्यावी, कारण या अवस्थेत घेतलेले मोठे निर्णय माणसे पुढे बदलू इच्छितात.

रजा द्यावी, पण ती देण्याआधीच परत आल्यावरची कामाची यादी ठरवून तिच्या हाती द्यावी. ती रजेवर असताना तिचे काम साचू देऊ नये, आणि तिच्या वाड्या हसतखेळत काम करणाऱ्या त्या दुसऱ्या सेविकेवर सरसकट टाकू नयेत; नाहीतर पुढच्या वर्षी आपण हाच प्रश्न तिच्याबद्दल विचाराल.